सर्बिटन स्टेशन: इतिहास काय आहे, आणि सत्तरीच्या दोघांना तिथून एकट्याने फिरणं जमेल का?

घोडबंदरवाली:

आई-बाबा (६७ आणि ७१) सप्टेंबरअखेर ठाण्याहून तीन महिन्यांसाठी इंग्लंडला निघताहेत. मुक्काम लंडनच्या नैर्ऋत्येला सर्बिटनमध्ये आहे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. दादा-वहिनी दिवसभर कामावर असतील, त्यामुळे वॉटर्लू (मध्य लंडनमधलं मोठं स्टेशन), हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा, किंग्स्टनचा बाजार ही ये-जा दोघांना स्वतःच करायची आहे. लोकलची सवय आहे, गर्दीची भीती नाही. तिथली पद्धत मात्र माहीत नाही.

नेमकं विचारायचंय ते असं. तिकिटासाठी ऑयस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड घ्यायचं की इथलं बँकेचं कार्ड चालेल? ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते का? आईचा गुडघा दुखतो, तर लिफ्ट, स्वच्छतागृह, चढ-उतार याची स्थिती काय? आणि गाड्या कशामुळे रखडतात, म्हणजे आपल्याकडे जुलैत रुळांवर पाणी, तसं तिकडे काय?

आणखी एक प्रश्न खास बाबांचा. ठाण्याच्या पहिल्या गाडीचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. सर्बिटन स्टेशनचं मूळ नाव किंग्स्टन होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. मग आज किंग्स्टन नावाचं वेगळं स्टेशन आहे ते कुठून आलं?


कोपरी_यार्ड:

बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात तुमच्या रोजच्या प्रवासाचंही अर्धं उत्तर आहे.

लंडन अँड साउदॅम्प्टन रेल्वे या कंपनीला १८३४ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली. किंग्स्टन हे टेम्सकाठचं जुनं बाजाराचं गाव. लंडनहून पोर्ट्समथकडे जाणाऱ्या घोडागाड्या तिथे थांबत, त्यामुळे सराया, तबेले, खाणावळी यांवर बऱ्याच जणांची पोटं होती. रेल्वे आली तर हा धंदा बसेल म्हणून गावाने विरोध केला, असं सगळीकडे सांगितलं जातं. कारण काहीही असो, मार्ग गावाच्या दक्षिणेकडून, सर्बिटन हिलजवळच्या शेतजमिनीतून खोदाई करून नेला गेला. २१ मे १८३८ ला लंडनमधल्या नाइन एल्म्सपासून वोकिंग कॉमनपर्यंत गाड्या सुरू झाल्या आणि या शेतातल्या स्टेशनला नाव मिळालं किंग्स्टन, कारण जवळपास नाव घेण्याजोगं दुसरं गावच नव्हतं. वॉटर्लू तेव्हा अस्तित्वात नव्हतं, ते ११ जुलै १८४८ ला उघडलं. तोपर्यंत नाइन एल्म्सला उतरून लोक बोटीने पुढे शहरात जात.

ठाण्याशी ताडून पाहायचं तर आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३:३५ ला बोरीबंदरहून निघाली. १४ डबे, ४०० निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. म्हणजे सर्बिटनचं स्टेशन आपल्यापेक्षा १५ वर्षांनी थोरलं. मोठा फरक असा की रेल्वे ठाण्याच्या वस्तीपर्यंत आली, तर तिकडे वस्तीच रेल्वेपाशी आली. १८३८ मध्येच किंग्स्टनच्या थॉमस पूली नावाच्या व्यापाऱ्याने स्टेशनलगतची शेती विकत घेऊन घरांचे रस्ते आखायला घेतले. पुढे तो कर्जात बुडाला आणि जमीन कूट्स बँकेच्या हाती गेली, पण वसाहत थांबली नाही. लोक तिला ‘किंग्स्टन न्यू टाउन’ आणि ‘किंग्स्टन ऑन रेल्वे’ असंही म्हणत. १८५५ मध्ये सर्बिटनच्या सुधारणेसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि रस्ते, गटारं, दिवे बघायला वेगळं मंडळ आलं. एका स्टेशनाभोवती २० वर्षांच्या आत गाव उभं राहिलं. ज्यांनी सिडकोची स्टेशनं आणि त्यांच्याभोवती भरत गेलेले सेक्टर पाहिले आहेत, त्यांना हे पटकन समजेल.

खुद्द किंग्स्टनला रेल्वे मिळाली ती १८६३ मध्ये, तीही ट्विकनहॅमच्या बाजूने आलेल्या शाखेवर. दोन ‘किंग्स्टन’ झाल्यावर घोळ होणारच, म्हणून आपलं स्टेशन त्या वर्षी ‘सर्बिटन अँड किंग्स्टन’ झालं आणि १८६७ पासून नुसतं ‘सर्बिटन’. १८६९ मध्ये किंग्स्टनची शाखा न्यू मॉल्डनकडून मुख्य मार्गाला जोडली गेली.

याचा आजचा परिणाम लिहून ठेवा: सर्बिटनहून किंग्स्टनला थेट गाडी नाही. नकाशावर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, पण रेल्वेने जायचं तर लंडनच्या दिशेने न्यू मॉल्डनपर्यंत जाऊन गाडी बदलावी लागते. बाजाराला जायला बसच बरी. ७१ आणि २८१ या दोन्ही सर्बिटन स्टेशनवरून किंग्स्टनला जातात.

आताची इमारत १९३७-३८ ची आहे. तिथल्या तेव्हाच्या सदर्न रेल्वे कंपनीचे वास्तुविशारद जेम्स रॉब स्कॉट यांची रचना: पांढरं काँक्रीट, सपाट छपरं, उंच खिडक्या आणि घड्याळाचा चौकोनी मनोरा. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती ज्या दशकात उठल्या, त्याच दशकातलं हे काम, आणि नातं लगेच दिसतं. बाबांना सांगा, आत शिरण्याआधी रस्ता ओलांडून समोरून पाहा. ब्रिटनमधल्या त्या काळातल्या स्टेशनांत मला ही सर्वांत देखणी वाटते. तिला ग्रेड २ चं संरक्षण आहे, म्हणजे परवानगीशिवाय दर्शनी भागात फेरफार करता येत नाही.

विजेबद्दलही थोडं. हॅम्प्टन कोर्ट शाखेवर विजेच्या गाड्या १८ जून १९१६ ला सुरू झाल्या, आपल्या मुंबईच्या (३ फेब्रुवारी १९२५) जवळजवळ नऊ वर्षं आधी. त्यासाठी जंक्शनला शाखेचा रूळ मुख्य मार्गावरून पलीकडे नेणारा उड्डाणपूलही बांधला. हॅम्प्टन कोर्टला जाताना तोच पूल लागतो. शिवाय १९६० ते १९६४ या काळात उन्हाळ्यातल्या शनिवारी सर्बिटनहून डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनला खास गाडी सुटायची. लोक आपली मोटार गाडीवर चढवून स्वतः त्याच गाडीने सुट्टीला जात.


नौपाडा१६:

इतिहास वर उत्तम आलाय. मी तिकिटांचं सांगते, कारण पैसे उगाच जातात ते तिथे.

सर्बिटन लंडनच्या झोन ६ मध्ये आहे (झोन म्हणजे भाड्यासाठी आखलेले पट्टे, शहराचा मध्य म्हणजे झोन १). वॉटर्लूपासून १२ मैल, साधारण सीएसएमटी ते घाटकोपर. झोन १ ते ६ मध्ये कागदी तिकिटाची गरज नाही. आत जाताना गेटवरच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं, भाडं आपोआप कापलं जातं. दिवसाची आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याची कमाल मर्यादा असते, त्यापुढे पैसे कापले जात नाहीत. मात्र त्यासाठी दर वेळी तेच कार्ड वापरायला हवं. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाचा मोबाइल टेकवला, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. दोघांचाही प्रवास अर्धवट, दोघांनाही कमाल भाडं.

दुसरी चूक खास जोडप्यांची. एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. आईंनी टेकवून आत गेल्यावर बाबांनी तेच कार्ड टेकवलं, तर गेट उघडणार नाही किंवा आईंचा प्रवास तिथेच संपल्याची नोंद होईल. दोघांना दोन स्वतंत्र कार्डं द्या.

इथल्या बँकेचं कार्ड चालेल का? व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेक्सचं, आणि त्यावर वायफायसारखी चार कमानींची खूण असेल तर बहुतेक चालतं. फॉरेक्स कार्डही चालतं. रुपे आणि यूपीआय गेटवर चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड हाती येतं तेव्हा परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये दोन्ही बटणं वेगवेगळी सुरू करावी लागतात, आणि एकच सुरू करून निघालेल्यांचं कार्ड गेटवर लाल दिवा दाखवतं. हे काम ठाण्यातच उरका. तिकडे गेल्यावर ओटीपी इथल्या सिमवर येतो आणि रोमिंग नसेल तर अडकायला होतं. साध्या डेबिट कार्डावर बँक प्रत्येक व्यवहाराला परकीय चलनाचा आकार लावते, तोही हिशेबात धरा.

आता सवलत. लंडनमधला ज्येष्ठांचा मोफत पास तिथल्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना मिळत नाही. मात्र सीनियर रेलकार्डला रहिवासाची अट नाही. वय ६० पूर्ण असावं, पासपोर्ट दाखवून तिकीट खिडकीवर काढता येतं, वर्षाचे ३५ पौंड. भाड्यात एक तृतीयांश सूट. लंडनमध्ये ती मिळवायची तर रेलकार्ड ऑयस्टरला जोडावं लागतं. वॉटर्लूच्या अंडरग्राउंड स्टेशनवर मशिनजवळच्या कर्मचाऱ्याला रेलकार्ड आणि ऑयस्टर दोन्ही द्या, तो मिनिटभरात जोडून देतो. बँकेच्या कार्डावर ही सूट लागत नाही, म्हणून ज्येष्ठांसाठी मी ऑयस्टरच सुचवेन.

हिशेब सोपा आहे. ३५ पौंड वसूल व्हायला प्रत्येकी १०५ पौंडांचा सवलतपात्र प्रवास व्हायला हवा, ऑयस्टर कार्डाची किंमत वेगळी. आठवड्यातून दोनदा वॉटर्लू गाठणार असाल तर तीन महिन्यांत सहज वसूल होतं. फक्त किंग्स्टन आणि हॅम्प्टन कोर्ट एवढंच असेल तर नको.

ही सूट कमी गर्दीच्या वेळेतच लागते. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि दुपारी ४ ते ७ ही गर्दीची वेळ, सार्वजनिक सुट्टी सोडून. मोजतात ती आत जाताना टेकवल्याची वेळ, गाडीची नाही. ९:३६ च्या गाडीसाठी ९:२८ ला आत गेलात तर पूर्ण भाडं. दोन मिनिटं बाहेर थांबा. संध्याकाळी झोन १ च्या बाहेरून झोन १ मध्ये जाणाऱ्याला चारनंतरही कमी भाडं लागतं, पण वॉटर्लूहून चार ते सातमध्ये परत निघालं तर गर्दीचं भाडं. म्हणून पावणेदहाला निघून साडेतीनला परतीची गाडी धरली तर पैसेही वाचतात आणि बसायला जागाही मिळते.

सोडायला किंवा घ्यायला गेलेल्याने आपलं कार्ड टेकवून फलाटावर जाऊ नये. आपल्यासारखं फलाट तिकीट तिथे नाही आणि त्याच स्टेशनातून पुन्हा बाहेर पडलात तरी पैसे कापले जातात. गेटवरच्या माणसाला सांगितलं तर तो सहसा सोडतो.

झोन ६ च्या पलीकडे (वोकिंग, गिल्डफर्ड, विंचेस्टर) जायचं असेल तर खिडकीवर किंवा मशिनवर त्या स्टेशनचं तिकीट काढूनच निघा. ऑयस्टर टेकवून निघालात आणि पुढे तपासनीसाने पकडलं तर दंड १०० पौंड अधिक एकेरी भाडं. २१ दिवसांत भरला तर ५० पौंड अधिक भाडं. आपल्या २५० रुपयांशी याची तुलनाच नाही.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. एका तासात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे लागत नाहीत.


घोडबंदरवाली:

फार उपयोगी. दोन कार्डांचं डोक्यातच नव्हतं, एकच फॉरेक्स कार्ड काढून देणार होतो. आता गुडघ्याचं कोणी सांगेल का? आणि हॅम्प्टन कोर्टची गाडी सर्बिटनला कुठून मिळते?


ऐरोली_सिग्नल:

सर्बिटनला फलाटांपर्यंत लिफ्ट आहेत, पायऱ्या टाळता येतात. व्हिक्टोरिया रोडवर मुख्य इमारत, मागच्या बाजूला ग्लेनबक रोडवर दुसरं प्रवेशद्वार. तिकीट खिडकी, मशिन, स्वच्छतागृह, बसायला बंद खोली, खाण्यापिण्याचं दुकान, सायकली आणि मोटारींचा तळ, हे सगळं आहे. फक्त खिडकी दिवसभर उघडी नसते, त्यामुळे रेलकार्ड काढायला पहाटे किंवा रात्री जाऊ नका.

लिफ्टने फलाट गाठला तरी फलाट आणि गाडीची जमीन एका पातळीत नसते. मध्ये फट असते आणि पायरीएवढा चढही. साध्या गुडघेदुखीला दांडा धरून जमतं, कारण गाडी दार बंद होईपर्यंत हलत नाही आणि आत ढकलाढकली नसते. चाकाची खुर्ची किंवा वॉकर असेल तर कर्मचारी उतरता रॅम्प लावून देतात. तशी मदत निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत मोफत नोंदवता येते. न नोंदवता गेलात तरी मदत मिळते, फक्त थांबावं लागतं. उतरण्याच्या स्टेशनलाही कर्मचाऱ्याने रॅम्प घेऊन उभं राहायला हवं असतं, म्हणून चढतानाच ‘कुठे उतरणार’ हे स्पष्ट सांगा. गोंधळ होतो तो नेहमी या दुसऱ्या टोकाला.

गाडीचं दार आपोआप उघडत नाही. दिवा लागलेलं बटण दाबावं लागतं. दार उघडेल म्हणून समोर उभं राहायचं आणि गाडी सुटून जायची, हे आपल्या लोकांचं पहिल्या आठवड्यात होतं. बंद व्हायची वेळही सुटायच्या वेळेच्या थोडी आधीची असते, त्यामुळे ९:४४ ची गाडी म्हणजे ९:४२ ला दारापाशी.

फलाट चार आहेत, दोन आयलंड (म्हणजे दोन्ही कडांना रूळ असलेले). आपल्याकडे धीमी एका बाजूला आणि जलद दुसऱ्या बाजूला. ठाण्यात १ ते ४ धीम्या, पुढे जलद. सर्बिटनला जोडी दिशेची आहे: लंडनकडे जाणारी धीमी आणि जलद एकाच आयलंडच्या दोन कडांना, लंडनकडून येणाऱ्या दुसऱ्या आयलंडला. म्हणून आधी दिशा ठरवून लिफ्ट निवडा, मग इंडिकेटर बघून डावी-उजवी कड. जलद हुकली तर त्याच फलाटावर पाठ फिरवून धीमी धरता येते, पूल चढावा लागत नाही. आईंच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. हॅम्प्टन कोर्टची गाडी लंडनकडून येणारी धीमी. मध्ये फक्त टेम्स डिटन, मग शेवटचं स्टेशन. राजवाडा तिथून टेम्सवरचा पूल ओलांडला की लगेच. दोन्ही स्टेशनं झोन ६ मध्येच आहेत, त्यामुळे ऑयस्टर चालतं.

वॉटर्लूला जाणारी जलद गाडी सुमारे २० मिनिटं घेते. धीमी बेरीलँड्स, न्यू मॉल्डन, रेन्स पार्क, विंबल्डन, अर्ल्सफील्ड, क्लॅपहॅम जंक्शन, व्हॉक्सहॉल अशी थांबत जाते, अर्धा तास आणि वर. गॅटविककडे किंवा ब्रायटनकडे जायचं असेल तर वॉटर्लूपर्यंत जाऊ नका, क्लॅपहॅम जंक्शनला बदला. तिथेही लिफ्ट आहेत. भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाइनसाठी व्हॉक्सहॉल.

परतीला खरी फसगत होते. वॉटर्लूला २४ फलाट, आणि फलाट क्रमांक गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो. लोक ‘वोकिंग’ किंवा ‘गिल्डफर्ड’ वाचून धावतात. काही गाड्या सर्बिटनला थांबतात, काही सरळ वोकिंगपर्यंत थांबत नाहीत. पाटीवर शेवटचं स्टेशन वाचून भागत नाही, खाली सरकणारी थांब्यांची यादी वाचा. त्यात ‘सर्बिटन’ हा शब्द दिसल्याशिवाय चढायचं नाही. चुकून वोकिंगला पोचलात तर तुम्ही झोनच्या बाहेर, म्हणजे वरच्या दंडाचा प्रश्न. अशा वेळी स्वतःहून कर्मचाऱ्याला सांगा आणि पुढच्या गाडीने परत या.

स्वच्छतागृहाबद्दल: जुन्या ४५५ वर्गाच्या धीम्या गाड्यांत ते नाहीच. नव्या ७०१ वर्गाच्या दहा डब्यांच्या गाड्यांत आहे, लांब पल्ल्याच्या ४५० आणि ४४४ मध्येही आहे. गाडी कुठली येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून स्टेशनावरच जाऊन निघा. वॉटर्लूचं स्वच्छतागृह २०१९ पासून मोफत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आता. तिथे डोक्यावर वायर नाही. वीज रुळांच्या बाजूला जमिनीलगत तिसऱ्या रुळातून येते, ७५० व्होल्ट डीसी, वरून उघडी. गाडीच्या बगलेला असलेला लोखंडी तुकडा, ज्याला ‘शू’ म्हणतात, तो या रुळावरून घसरत वीज घेतो. गाडी नसतानाही रूळ जिवंत असतो. मोबाइल, टोपी, चश्मा काहीही खाली पडलं तरी उतरायचं नाही, वाकायचंही नाही. कर्मचाऱ्याला सांगा, तो लांब चिमट्याने काढून देतो. दिवा-मुंब्र्याकडे रूळ ओलांडणारी माणसं रोज पाहिलेल्याला ‘पलीकडचा फलाट जवळ आहे’ असं वाटू शकतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता रखडण्याबद्दल. तुमचे आई-बाबा ज्या महिन्यांत जाताहेत, त्यात पानगळ असते. ऑक्टोबर ते डिसेंबर ओली पानं रुळांवर पडतात, चाकाखाली चिरडून त्यांचा काळा, कडक, निसरडा थर होतो. मोटरमनला लवकर ब्रेक लावावा लागतो आणि वेग उशिरा धरता येतो, म्हणून मिनिटं वाढत जातात. दुसरा त्रास लोकांना माहीत नसतो: हा थर चाक आणि रूळ यांच्यातला विजेचा संपर्क तोडतो, मग सिग्नल यंत्रणेला गाडी तिथे असल्याचं कळत नाही. त्यासाठी उच्च दाबाने पाणी मारणाऱ्या आणि वाळू मिसळलेला चिकट लेप सोडणाऱ्या खास गाड्या फिरतात. डिसेंबरात थंडी कडक असली तर तिसऱ्या रुळावर बर्फ धरतं, शूचा संपर्क सुटतो, ठिणग्या उडतात आणि गाडीला वीज कमी मिळते. आपल्याकडे पाणी वर येतं, तिकडे बर्फ चिकटतं. पानगळीच्या दिवसांत वेळेचं काम असेल तर एक गाडी आधीची धरा.

या मार्गावरच्या गाड्या चालवणारी साउथ वेस्टर्न रेल्वे २५ मे २०२५ पासून सरकारी मालकीची झाली, पण भरपाईचा नियम कायम आहे. १५ मिनिटांहून जास्त उशीर झाला तर एकेरी भाड्याचा चौथा भाग, ३० मिनिटांना अर्धा, ६० ला पूर्ण परत. २८ दिवसांत ऑनलाइन अर्ज करायचा. ऑयस्टरने प्रवास केला असेल तर कार्ड खात्याला नोंदवलेलं असावं, म्हणजे प्रवासाची नोंद पुरावा म्हणून देता येते. कार्ड घेतल्याच दिवशी नोंदवून टाका.


नौपाडा१६:

वरच्या उत्तरात एक भर. सुरुवातीला किंवा शेवटी टेकवायचं राहून गेलं आणि कमाल भाडं कापलं गेलं, तर नोंदवलेल्या खात्यातून दुरुस्ती मागता येते. म्हणूनही कार्ड नोंदवलेलं हवं.


घोडबंदरवाली:

विमानतळावरून सर्बिटनला कसं यायचं, आणि रविवारी गाड्या असतात का? परतीचं विमान २५ डिसेंबरचं आहे, पहाटे हीथ्रोहून.


कोपरी_यार्ड:

हीथ्रोहून रेल्वेने यायचं तर लंडनच्या मध्यावर जाऊन परत बाहेर यावं लागतं. त्यापेक्षा टर्मिनल २ आणि ३ च्या मधल्या मध्यवर्ती बस स्थानकातून एसएल ७ ही जलद बस (२०२३ पर्यंत हिचा क्रमांक एक्स २६ होता) किंवा साधी २८५ घ्या, किंग्स्टनला उतरा आणि ७१ किंवा २८१ ने सर्बिटन. उतरणं टर्मिनल ४ किंवा ५ ला असेल तर तिथून मध्यवर्ती भागापर्यंत रेल्वेने यायला पैसे लागत नाहीत. मोठ्या बॅगा चार असतील तर मात्र बसचा हट्ट धरू नका, टॅक्सी करा.

रविवारी गाड्या असतात, पण आपल्या मेगाब्लॉकसारखीच तिकडे शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात. फरक एवढाच की तिकडे बंद भागात गाड्यांऐवजी बस लावतात. त्या हळू असतात आणि स्टेशनच्या आतून नाही तर रस्त्यावरून सुटतात, आईंना ते चालणं लक्षात घ्यावं लागेल. कामांची माहिती बरीच आधी जाहीर होते. शुक्रवारी रात्री नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर सर्बिटन ते वॉटर्लू टाकून पाहायचं, जाण्याचा कार्यक्रम मग ठरवायचा.

परतीची तारीख मात्र आत्ताच बघा. २५ डिसेंबरला लंडनमध्ये रेल्वे नाही, भुयारी रेल्वे नाही आणि लंडनच्या लाल बसही नाहीत. २६ ला साउथ वेस्टर्नच्या गाड्या जवळपास नसतातच. एसएल ७ ने जायचा बेत असेल तर तो त्या दिवशी लागू होत नाही. विमान बदलता येत असेल तर २३ किंवा त्याआधीचं करा. बदलत नसेल तर त्या पहाटेची टॅक्सी नोव्हेंबरातच ठरवून लेखी पक्की करा, कारण नाताळच्या सकाळी चालक कमी असतात आणि दर चढे. किंवा २४ ला दुपारीच निघून रात्र हीथ्रोजवळच्या हॉटेलात काढा. त्या संध्याकाळी गाड्या नेहमीपेक्षा लवकर बंद होतात, तेव्हा चारच्या आत सर्बिटन सोडलेलं बरं.


घोडबंदरवाली:

तारीख २२ ला बदलून मिळतेय, फरक भरावा लागेल पण करून टाकतो. कार्डांची बटणं आजच सुरू करतो, दोन्ही.